मानेंतील गांठ आणि बारीक सुई

मानेंत गांठ दिसली कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "दुखत नाहीं ना? मग राहूं द्या." दुसरा त्याच रात्रीं कर्करोगाचें नांव घेऊन सर्वांची झोप उडवितो. पुरावा मात्र दोघांजवळही नसतो. तो मिळविण्याचा एक सोपा मार्ग आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

मानेंतील गांठ अनेक कारणांनीं येते. जुने लोक जिला गंडमाळा म्हणत, ती बहुधा क्षयाचीच. घोट गिळतांना जी वर सरकते, ती बहुतेक थायरॉइड ग्रंथीची. कांहीं गांठी साध्या दाहाच्या, तर कांहीं कर्करोगाच्या. नुसतें चाचपून हा भेद नेहमींच कळत नाहीं.

अशा वेळीं डॉक्टर गांठ दोन बोटांत स्थिर धरून सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीची सुई तींत घालतात, ती किंचित् मागेंपुढें हालवितात आणि पिचकारीनें पेशी ओढून घेतात. तो थेंब कांचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. बहुधा भूल लागत नाहीं. टांका तर नाहींच. क्षयाचा संशय असल्यास त्याच थेंबांतून जंतूंचाही शोध घेतां येतो.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयांतील मार्टिन व एलिस यांनीं 1930 सालीं अशा परीक्षेची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची सुई जाड होती. बारीक सुईचा प्रघात पुढें स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेंतून रूढ झाला.

"सुई टोचल्यानें रोग पसरतो" ही भीति पुष्कळांस वाटते. बारीक सुईनें असें होणें अत्यंत विरळ. उलट, निदानापूर्वींच गांठ चिरली, तर क्षयाची जखम कधीं कधीं दीर्घकाळ वाहत राहते आणि कर्करोगाचे पुढील उपचार अवघड होऊं शकतात.

तथापि सुई सर्वज्ञ नाहीं. थायरॉइडच्या कांहीं गांठी साध्या कीं घातक, हें नुसत्या पेशींवरून ठरत नाहीं. लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत तर बहुधा सबंध ग्रंथि काढून तपासावी लागते. "कांहीं आढळलें नाहीं" याचा अर्थ "कांहीं नाहीं" असा नव्हे. सुई कदाचित् योग्य जागीं पोंचलीच नसेल. गांठ कायम राहिल्यास परीक्षा पुन्हां करवावी. रक्त पातळ करणारें औषध चालूं असल्यास तें डॉक्टरांस आधीं सांगावें.

दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी गांठ, मग ती दुखो वा न दुखो, डॉक्टरांस अवश्य दाखवावी. क्षणभराच्या टोचणीला भिऊन महिने दवडणें हाच खरा धोका होय.