विश्लेषण : दिनदर्शिकेच्या पानावर संकेतस्थळ का अडकते?

कार्यक्रमांच्या तारखा दाखवण्यासाठी बसवलेले प्लगइन कधी कधी संपूर्ण संकेतस्थळच ठप्प करते. दोष बहुतेकदा सर्व्हरवर ढकलला जातो आणि महागडे होस्टिंग घेण्याचा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात कारण दिनदर्शिकेच्या रचनेत असू शकते. ते कसे ओळखायचे आणि दुरुस्त कसे करायचे?

सप्तशृंगगड कळवण तालुक्यात येतो. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या काळात तेथे चैत्रोत्सव भरतो आणि खानदेशातून पायी निघालेले भाविक गडाची वाट धरतात. समजा, तालुक्यातील एखाद्या संस्थेने या काळातील कार्यक्रम, भोजनाच्या वेळा आणि आरोग्य शिबिरांच्या तारखा आपल्या संकेतस्थळावर दिल्या आहेत. वर्षभर ते पान फारसे कोणी उघडत नाही. उत्सवाच्या आठवड्यात मात्र सगळे तेच उघडतात आणि नेमके तेव्हाच मोबाइलवर गोल चक्र फिरत राहते. मिनिटभराने ‘५०४ गेटवे टाइमआउट’ असा संदेश येतो. थोड्या वेळाने संपर्काचे पानही उघडेनासे होते.

नेमके काय घडते?

जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेस या प्रणालीवर चालतात. २००३ मध्ये आलेली ही प्रणाली प्रत्येक पान मागणी आल्यावर तयार करते. पीएचपी या भाषेतील सूचना चालतात, डेटाबेसमधून माहिती येते आणि पान बांधले जाते. पीएचपीची मूळ मुदत ३० सेकंदांची असते. लिनक्स सर्व्हरवर डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ या ३० सेकंदांत धरला जात नाही. त्यामुळे पान त्याहून अधिक काळ लटकू शकते. पुढे उभा असलेला एनजिनएक्ससारखा सर्व्हर मूळ मांडणीनुसार ६० सेकंद वाट पाहतो आणि मग ‘५०४’ दाखवून मोकळा होतो.

एक पान अडकले तर बाकीची का अडकतात?

स्वस्त, सामायिक होस्टिंगवर एका वेळी मोजक्याच मागण्या हाताळल्या जातात. बाजार समितीच्या भुईकाट्यावर कांद्याचा एक ट्रॅक्टर अडकला, की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. त्यांच्यात दोष नसतो, पण काटा मोकळा नसतो. दिनदर्शिकेच्या चार-पाच मागण्यांनी सर्व जागा अडवल्या, की साधे पानही रांगेत थांबते. म्हणूनच बंद पडलेल्या पानावरून बिघाडाचे मूळ ठरवता येत नाही.

दिनदर्शिकाच का अडखळते?

पहिले कारण पुनरावृत्तीचे. ‘आठवडे बाजार, दर आठवड्याला’ अशी नोंद केली आणि शेवटची तारीख दिली नाही, तर ती नोंद कधीच संपत नाही. दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीचे २००९ मधील आयकॅलेंडर मानकही अशी अंतहीन पुनरावृत्ती मान्य करते. काही प्लगइन्स पुढील अनेक वर्षांच्या नोंदी आधीच तयार करून ठेवतात. एका बाजाराच्या वर्षाला ५२ आणि दहा वर्षांच्या ५२० नोंदी होतात. असे वीस कार्यक्रम असतील, तर आकडा दहा हजारांपुढे जातो.

दुसरे कारण साठवणुकीचे. अनेक प्लगइन्स कार्यक्रमाची तारीख वर्डप्रेसच्या ‘पोस्टमेटा’ या सर्वसाधारण तक्त्यात ठेवतात. या तक्त्यातील मूल्यांच्या रकान्याला सूची नसते. त्यामुळे ‘या महिन्यातील कार्यक्रम’ शोधताना डेटाबेसला ढीगभर नोंदी चाळाव्या लागतात. ‘द इव्हेंट्स कॅलेंडर’ या लोकप्रिय प्लगइनने २०२२ मधील सहाव्या आवृत्तीत तारखांसाठी वेगळे तक्ते आणले.

तिसरे कारण बाहेरून येणाऱ्या माहितीचे. पान उघडताना दुसऱ्या ठिकाणची दिनदर्शिका ओढून आणायची असेल, तर तिकडचा विलंब इकडच्या पानाच्या माथी येतो. वर्डप्रेसची अशा मागणीची मूळ मुदत पाच सेकंदांची आहे. सहा ठिकाणांहून एकामागून एक माहिती आणताना सगळीच बंद असतील, तर अर्धा मिनिट तिथेच जातो.

गर्दी नसतानाही ताण का येतो?

‘कालनिर्णय’ १९७३ पासून घरोघरी आहे, पण डिसेंबरनंतर त्याचे पान उलटता येत नाही. संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत मात्र ‘पुढील महिना’ ही कळ कायम असते. माणूस दोन-तीन महिने पाहून थांबतो. शोधयंत्रांचे आणि माहिती गोळा करणारे बॉट प्रत्येक दुव्यावर जातात, मग २०६० सालचा रिकामा महिनाही त्यांच्यासाठी नवे पान ठरतो. रोजचे स्वतंत्र पान असेल, तर दहा वर्षांचीच ३,६५० हून अधिक पाने होतात. गुगलने २००८ मध्येच अशा अंतहीन पानांबद्दल संकेतस्थळचालकांना सावध केले होते आणि त्यात दिनदर्शिकेचेच उदाहरण होते.

शोध कुठून सुरू करायचा?

सर्वप्रथम फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींची प्रत काढून ठेवावी. त्यानंतर ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ हे प्लगइन वापरता येते. त्याच्या तपासणी अवस्थेत इतर प्लगइन्स फक्त तपासणाऱ्यासाठी बंद होतात, वाचकांना संकेतस्थळ पूर्वीसारखेच दिसते. मग एकेक प्लगइन सुरू करत पान उघडून पाहायचे. दिनदर्शिका सुरू करताच वेग मंदावला, तर संशय पक्का होतो. ‘क्वेरी मॉनिटर’ हे प्लगइन डेटाबेसच्या कोणत्या प्रश्नाला किती वेळ लागला आणि बाहेरच्या कोणत्या मागण्या गेल्या, हे दाखवते. सर्व्हरची नोंदवहीही पाहावी. तिथे पुढच्या-मागच्या महिन्यांची शेकडो पाने एकापाठोपाठ मागितलेली दिसली, तर तो बॉटचा फेरा समजावा.

व्यवस्थापनाचे पानही उघडत नसेल तर?

होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये जाऊन दिनदर्शिकेच्या फोल्डरचे नाव बदलावे. वर्डप्रेसला ते प्लगइन सापडत नाही आणि बाकीचे संकेतस्थळ सुरू होते. नोंदी डेटाबेसमध्ये सुरक्षित राहतात. प्लगइन थेट ‘डिलीट’ करण्याची घाई मात्र करू नये, कारण काही प्लगइन्स जाताना आपली माहितीही पुसून टाकतात.

मुदत वाढवली तर भागेल का?

३० सेकंदांची मुदत ३०० केली, की संदेश काही काळ गायब होतो. पण अडकलेली मागणी आता जास्त वेळ जागा अडवते आणि रांग आणखी वाढते. मुदतवाढ एखाद्या मोठ्या आयातीपुरती ठीक आहे, रोजच्या पानासाठी नाही.

खरे उपाय साधे आहेत. प्रत्येक पुनरावृत्तीला शेवटची तारीख द्यावी. जुने कार्यक्रम काढून टाकावेत. दिनदर्शिका मागे-पुढे वर्षभरापुरतीच दाखवावी. तयार पानाची प्रत काही मिनिटे साठवणारी कॅश वापरावी. बाहेरची माहिती पान उघडताना न आणता ठरावीक वेळी पार्श्वभूमीवर आणावी. बॉटसाठीच्या ‘रोबोट्स’ फाइलमध्ये महिन्यांचे दुवे वर्ज्य करावेत. १९९४ पासूनची ही पद्धत पाळणे मात्र बॉटच्या मर्जीवर असते. न जुमानणाऱ्यांना सर्व्हरवरच अडवावे लागते.

तिथीने येणाऱ्या सणांचे काय?

‘दरवर्षी याच तारखेला’ हा पर्याय येथे चुकीचाच ठरतो. रामनवमी २०२४ मध्ये १७ एप्रिलला होती, तर २०२५ मध्ये ६ एप्रिलला. त्यामुळे चैत्रोत्सव, नवरात्र किंवा कोजागरीच्या तारखा पंचांग पाहून दरवर्षी हातानेच भरणे योग्य. त्यातून पुनरावृत्तीचा भारही आपोआप टळतो.

वर्षाला जेमतेम वीस-पंचवीस कार्यक्रम असणाऱ्या संस्थेला तर प्लगइनची गरजच आहे का, हेही तपासायला हवे. तारीख, वार, वेळ आणि ठिकाण लिहिलेला साधा तक्ता डोंगराळ भागातील अशक्त नेटवर्कवरही चटकन उघडतो. घाटाच्या वाटेवर थांबून मोबाइल पाहणाऱ्याला २०६० चा महिना नको असतो. आजचा कार्यक्रम किती वाजता आहे, एवढेच त्याला हवे असते.