नळीचा जोड आणि आपला हंगाम



हंगाम संपला, चिमणीचा धूर थांबला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. त्याच्या बिलात वेल्डिंगचा आकडा दिसला की वार्षिक सभेत प्रश्न ठरलेला, "दोन नळ्या जोडायला एवढे पैसे कशाला? आमच्या शेतावरचा जोड गावातला वेल्डर तासाभरात मारून देतो की!" प्रश्न रास्त आहे; पैसा सभासदांचा आहे. म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे देत आहोत.

शेतावरचा जोड गळला तर पाणी वाया जाते, फार तर चार सऱ्या फुटतात. वाफेचे तसे नाही. पुष्कळ कारखान्यांचे बॉयलर 45 किलो दाबाचे आहेत. सहवीजनिर्मितीसाठी 67, 87 आणि 110 किलोपर्यंतचे आले आहेत. 45 किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर 45 किलोचा रेटा. 25 सेंटिमीटर व्यासाच्या नळीचे तोंड बंद केले, तर त्यावर आतून सुमारे 22 टनांचा जोर बसतो. भरल्या ट्रॉल्यांचा ऊस म्हणा ना! शिवाय वाफ चारशे अंशांच्या वर तापलेली. ती बारीक भेगेतून सुटली तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. जवळ गेलेला कामगार मात्र भाजतो.

आता जोडाकडे पाहू. वरून तो माशाच्या खवल्यांसारखा सुबक दिसतो, पण खरी मेख तळाशी असते. नळ्यांच्या कडा तिरप्या घासून, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून पहिला थर आतपर्यंत उतरवावा लागतो. तो उतरला नाही, किंवा थरांमध्ये स्लॅग अडकला, तर निम्मी जाडी जोडलीच जात नाही.

असा जोड पाण्याच्या चाचणीत पास होतो का? होतो! चालू दाबाच्या दीडपट पाणी भरले तरी पुष्कळदा टिकतो. कारण सरळ आहे. आतल्या दाबाने नळी लांबीत उभी चिरायला जेवढा ताण येतो, त्याच्या निम्माच ताण गोल जोडावर येतो. म्हणून पाणी गळले नाही, एवढ्यावर जोड पक्का समजू नये.

त्याची खरी परीक्षा हंगामात होते. वीस मीटर लांबीची नळी तापल्यावर दहा सेंटिमीटरहून अधिक लांबते आणि थंड झाल्यावर आखडते. बॉयलर जितक्या वेळा बंद-चालू, तितक्या वेळा जोड वाकवला जातो. तळाशी राहिलेली फट मग भेग होते आणि हळूहळू वर चढते. बांधातले खेकड्याचे बीळ वरून दिसत नाही, तसेच हे.

म्हणून पहिला थर आर्गॉन वायूच्या आच्छादनात भरतात. पुढच्या थरांच्या कांड्या सुमारे तीनशे अंशांवर भाजून गरम पेटीतच ठेवतात. कांडीला ओल राहिली तर तिच्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, तडकतो. क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या नळ्या वेल्डिंगआधी तापवाव्या लागतात आणि नंतरही ठरलेल्या तापमानावर भाजून सावकाश निवू द्याव्या लागतात. शेवटी क्ष-किरणांनी किंवा गॅमा किरणांनी जोडाची फिल्म काढतात. फिल्मवर काळी रेघ दिसली की जोड घासून पुन्हा भरायचा. खर्च होतो तो इथे.

हे नियम कोणाच्या हौसेने झालेले नाहीत. 1863 साली कोलकात्यात बॉयलर फुटला, 1864 साली बंगालचा कायदा झाला, 1923 साली अखिल भारतीय कायदा आला आणि 2025 साली त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

तेव्हा सभेत जरूर विचारा; पण जोडाचा दर एवढेच विचारू नका. किती जोडांची फिल्म काढली? किती पुन्हा भरावे लागले? वेल्डरचे प्रमाणपत्र चालू आहे ना? कांड्यांची पेटी गरम होती ना? ऐन हंगामात मेन लाईन बंद पडली तर तोडलेला ऊस गाडीतच वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. आणि बॉयलरवर पाळीला उभा असतो तो आपल्याच शेजाऱ्याचा मुलगा. त्याची किंमत कोणत्या बिलात मांडायची?