दरवेशाचे अस्वल आणि दूरदेशीचा देणगीदार

दिल्लीहून आग्र्याला मोटारीने जाणाऱ्या प्रवाशांना गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत एक दृश्य हमखास दिसत असे. रस्त्याच्या कडेला डमरू वाजवणारा दरवेशी आणि त्याच्या हातातील दोरीच्या हिसक्यासरशी मागच्या दोन पायांवर उभे राहून झुलणारे अस्वल. पर्यटकांच्या गाड्या थांबत, छायाचित्रे काढली जात, पैसे दिले जात. त्या दोरीचे दुसरे टोक अस्वलाच्या नाकातून ओवलेले आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नसे. पिल्लू काही महिन्यांचे असतानाच तापलेल्या सळईने त्याचे नाकाड टोचून ही दोरी घातली जाई आणि दात पाडले जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यानंतरही हा धंदा तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिला. कायद्याने अस्वल जप्त करता येत होते. पण जप्त केलेले अस्वल ठेवायचे कोठे आणि त्याच्यावर पोट असलेल्या कलंदर कुटुंबाने खायचे काय, या दोन प्रश्नांना कायद्यात उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधण्याचे काम दिल्लीतील एका लहानशा संस्थेने अंगावर घेतले. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये ‘वाइल्डलाइफ एसओएस’ स्थापन केली. कलंदरांच्या वस्त्यांत जाऊन त्यांनी पाहणी केली आणि त्यातून एक सरळ योजना पुढे आली. दरवेशाने अस्वल स्वाधीन करावे, त्याबदल्यात त्याला दुसऱ्या उद्योगासाठी भांडवल व प्रशिक्षण मिळावे, आणि अस्वलाची पुढील आयुष्यभराची सोय निवारा केंद्रात व्हावी. उत्तर प्रदेश वनविभागाच्या सहकार्याने आग्र्याजवळ कीठम येथे असे केंद्र उभे राहिले. मात्र योजना कागदावर सोपी असली तरी खर्च मोठा होता. एका अस्वलामागे एक कुटुंब उभे करावयाचे होते.

हा पैसा बव्हंशी सातासमुद्रापलीकडून आला. ब्रिटनमधील ‘इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू’ आणि ऑस्ट्रेलियातील ‘फ्री द बेअर्स’ या संस्था मदतीला आल्या. यातील दुसऱ्या संस्थेची हकिगत सांगण्याजोगी आहे. पर्थ शहरातील मेरी हटन या गृहिणीने १९९३ मध्ये दूरचित्रवाणीवर पिंजऱ्यात कोंडून पित्तरसासाठी पाळलेल्या अस्वलांची दशा पाहिली आणि दुकानांच्या संकुलात उभे राहून निवेदनावर सह्या गोळा करण्यास सुरुवात केली. त्यातूनच १९९५ मध्ये संस्था उभी राहिली. आग्र्याची अस्वले ज्यांनी कधी पाहिली नाहीत व पाहण्याची शक्यताही नव्हती, अशा असंख्य सामान्य माणसांच्या लहान रकमा एकत्र होऊन कलंदर कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. कोणाच्या शिवणयंत्राला, कोणाच्या दुकानाला, कोणाच्या रिक्षाला त्यांचा आधार झाला. डिसेंबर २००९ मध्ये कर्नाटकातील राजू नावाचे अखेरचे अस्वल स्वाधीन झाले, तोवर वाचवलेल्या अस्वलांची संख्या सहाशेच्या पुढे गेली होती.

नाच थांबला, खर्च मात्र थांबला नाही. बंदिवासात चांगली निगा राखलेले अस्वल पंचवीस-तीस वर्षे जगते. लहानपणीच दात पाडलेल्या आणि म्हातारपणी दृष्टी अधू झालेल्या या प्राण्यांना रोज लापशी, फळे आणि औषधे लागतात. सुटकेच्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्र छापून येते, देणग्यांचा ओघ सुरू होतो. दहा वर्षांनंतर त्याच अस्वलाच्या लापशीसाठी फारसे कोणी विचारत नाही. प्राण्यांच्या सेवेतील बहुतेक संस्थांची खरी अडचण ही आहे, आणि तिचा संबंध बँकेच्या खात्याशी येतो.

परदेशातून येणाऱ्या देणगीला विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० लागू होतो. नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि मागील तीन वर्षांत मिळून किमान १५ लाख रुपये आपल्या मूळ कार्यावर खर्च झालेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील, म्हणजे संसद मार्गावरील शाखेतील, विशेष खात्यातच जमा व्हावी लागते; तेथून ती संस्थेच्या दुसऱ्या बँकेतील विनियोग खात्यात वळवता येते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या नोंदणीकृत संस्थेने आपल्याला आलेली विदेशी देणगी लहान संस्थेला देण्याची पूर्वीची वाटही बंद झाली. विशिष्ट देणगीदाराकडून विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी घेण्याची सोय आहे. पण तो मार्ग एखाद्या प्रकल्पासाठी ठीक, रोजच्या चाऱ्यापाण्यासाठी नव्हे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, गल्लीतील जखमी जनावरे घरी आणून त्यांची शुश्रूषा करणाऱ्या चार-सहा जणांच्या संस्थेपर्यंत परदेशचा पैसा सहसा पोहोचत नाही. तिची भिस्त शहरातील माणसांवरच राहते.

राजधानीत अशा लोकाश्रयाची परंपरा जुनी आहे. लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय १९२९ मध्ये सुरू झाले. पंख मोडलेली कबुतरे, पोपट, चिमण्या येथे विनामूल्य उपचार घेतात आणि बरी झाली की आकाशात सोडली जातात. रुग्णालय शाकाहारी असल्याने मांसभक्षी पक्ष्यांना मात्र तेथे दाखल करून घेत नाहीत. ती उणीव वजिराबादच्या दोन भावांनी भरून काढली. नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे साबणाच्या द्रावणाची यंत्रे बनवण्याचा घरगुती व्यवसाय सांभाळून २००३ पासून मांज्याने पंख चिरलेल्या घारींवर उपचार करत आले. ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा त्यांच्यावरील माहितीपट २०२३ मध्ये ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचला, तोवर त्यांच्या कामाची वीस वर्षे होत आली होती. दिल्ली सरकारने २०१७ मध्ये चिनी मांज्यावर बंदी घातली. तरीही स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, पतंगांच्या दिवसांत, जखमी पक्ष्यांची रीघ लागते.

डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालील ‘फ्रेंडिकोज’ ही १९७९ पासूनची संस्था भटकी कुत्री, मांजरे, अपघातातील गुरे यांना आसरा देते. २०१५ मध्ये निधीअभावी तिच्यावर बंद पडण्याची वेळ आल्याची बातमी पसरली, तेव्हा मदतीसाठी धावून आलेल्यांत दिल्लीकर मोठ्या संख्येने होते. संकटाची बातमी झाली म्हणून पैसा आला, हे खरे; पण प्रत्येक संस्थेच्या संकटाची बातमी होत नाही. कायद्याकडूनही फारशी आशा धरावी अशी स्थिती नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड १० ते ५० रुपयांचा आहे. एवढ्या रकमेत जखमी जनावराची साधी मलमपट्टीही होणार नाही.

ज्यांना अशा संस्थेस हातभार लावावयाचा आहे, त्यांच्यासाठी एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा खात्यातून दरमहा वळती होणारी लहान रक्कम अधिक उपयोगाची ठरते. शाखेत स्थायी सूचना देऊन ठेवल्यास महिन्याच्या ठरावीक दिवशी ती आपोआप जमा होते. फूल ना फुलाची पाकळी अशी ही रक्कम असली तरी पशुवैद्याचा पगार आणि औषधांचे बिल कधी भागणार, याचा अंदाज संस्थेला तिच्यामुळे बांधता येतो. आयकरात ८०-जी या नावाने परिचित असलेली वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत नाही. रोखीने दिलेली देणगी २,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास ती वजावटीस पात्र ठरत नाही. देणगीदाराचा पॅन क्रमांक संस्थेकडे नोंदवलेला असावा आणि वर्षअखेर देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

परदेशस्थ आप्तांविषयी शाखांमध्ये वरचेवर विचारणा होते. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक व्यवहाराने दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. संस्थेने त्याच्या भारतीय पासपोर्टची प्रत जवळ ठेवावी. आप्ताने अमेरिकेचे अथवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असूनही त्याची देणगी विदेशीच ठरते. न्यू जर्सीतील पुतण्याने संस्थेसाठी म्हणून पाठवलेले डॉलर नोएडातील काकांनी आपल्या नावाने संस्थेला दिले, तरी पैशाचे मूळ बदलत नाही. असा आडमार्ग काकांना आणि संस्थेला, दोघांनाही अडचणीत आणू शकतो.

उलट दिशेने, म्हणजे भारतातून परदेशातील प्राणिसेवी संस्थेला देणगी पाठवण्याची मुभाही निवासी व्यक्तीला आहे. उदारीकृत धनप्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात सर्व कारणांसाठी मिळून अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. शाखेत पॅनसह विहित अर्ज भरावा लागतो. २०२५ पासून वर्षातील एकूण प्रेषण १० लाख रुपयांवर गेल्यास वरील रकमेवर स्रोतावर करसंकलन होते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट नाही.

संस्थेची पारख करण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. विदेशी देणगीसाठी संस्थांची नोंदणी केंद्रीय गृह मंत्रालय करते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ फरिदाबादजवळ बल्लभगड येथे असून ते प्राणिसेवी संस्थांना मान्यता देते. परंतु वजिराबादच्या छतावरील किंवा उड्डाणपुलाखालील काम अशा नोंदींवरून कळत नाही. पावती संस्थेच्या नावाने मिळते की एखाद्या व्यक्तीच्या, पैसे व्यक्तिगत खात्यावर मागितले जातात काय, हे आधी पाहावे. मग एखाद्या रविवारी प्रत्यक्ष जाऊन पिंजरे स्वच्छ आहेत का, पाण्याची भांडी भरलेली आहेत का, बरे झालेले प्राणी पुढे कोठे जातात, हे विचारावे. अनेक ठिकाणी त्या दिवशी रोख पैशांपेक्षा जुन्या चादरी, वर्तमानपत्रांची रद्दी आणि धान्य यांचीच अधिक गरज असते.