लहान मुलांचा खाऊ आणि आपली जबाबदारी

जयंती असो, नामकरण असो वा सव्वीस जानेवारीचे झेंडावंदन असो, शेवटी लहान मुलांच्या हातावर काही गोड ठेवल्याशिवाय आपल्याला कार्यक्रम पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही. त्यात गैर काहीच नाही. मुलांचा आनंद हीच तर कार्यक्रमाची खरी शोभा. परंतु तो खाऊ किती वर्षांच्या मुलाच्या हातात जातो आणि त्याला तो चावता येतो काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. आम्हीही करीत नव्हतो.

काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या सायंकाळी आमच्या वस्तीतील कार्यक्रमात खाऊवाटपाचे काम आमच्याकडे होते. बँकेत नोकरी, मोजण्याची सवय. त्यामुळे वाटप चोख चालले होते. प्रत्येक मुलास दोन गोळ्या, कोणी वगळले जाऊ नये, एवढेच आमचे लक्ष. एका सात-आठ वर्षांच्या मुलाच्या कडेवर त्याची धाकटी बहीण होती. वय असेल जेमतेम दोन वर्षे. तिच्याही मुठीत आम्ही दोन संत्र्याच्या गोळ्या दिल्या. थोड्याच वेळात मागच्या बाजूस गलका झाला. पाहतो तर तीच मुलगी. ती रडत नव्हती, खोकत नव्हती. तोंड उघडे, पण आवाज नाही. ओठ निळसर होऊ लागलेले. कोणी म्हणाले पाणी पाजा, कोणी म्हणाले टाळूवर फुंकर घाला. सुदैवाने वस्तीतील एक परिचारिका भगिनी तेथे होत्या. त्यांनी मुलीला मांडीवर पालथे घातले, डोके खाली केले आणि पाठीवर जोरात थापा दिल्या. चौथ्या थापेला गोळी बाहेर पडली आणि मुलगी मोठ्याने रडू लागली. त्या रडण्याने आमच्या जिवात जीव आला. त्या प्रसंगी चूक मुलीची नव्हती, तिच्या भावाचीही नव्हती, वाटणाऱ्याची होती. त्यानंतर या विषयावर आम्ही जे वाचले आणि डॉक्टर मंडळींना विचारून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

घास अडकतो म्हणजे काय होते?

आपल्या घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडे अगदी शेजारी-शेजारी आहेत. घास गिळताना श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. हसताना, रडताना, बोलताना किंवा धावताना माणूस एकदम श्वास आत ओढतो. त्याच वेळी तोंडात काही असेल तर ते श्वासनलिकेकडे खेचले जाते. मोठ्या माणसाला अशा वेळी ठसका लागतो आणि वस्तू बाहेर फेकली जाते. लहान मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याची श्वासनलिका फारच अरुंद असते आणि खोकण्याचा जोर कमी असतो. शिवाय त्याला दाढा नसतात. पुढच्या दातांनी तुकडा तोडता येतो, पण तो बारीक करण्याचे काम दाढांचे. पहिल्या दाढा साधारणतः सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास येतात, दुसऱ्या दाढा दोन ते अडीच वर्षांच्या आसपास. आणि दाढा आल्या तरी नीट चावून गिळण्याची सवय लागण्यास आणखी काळ जातो. म्हणूनच चार वर्षांच्या आतील मुलांस कडक गोळ्या, अख्खे दाणे, लाह्या असे पदार्थ देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाच वर्षांपर्यंत हा नियम पाळला तर अधिक बरे.

कोणता खाऊ धोक्याचा?

पदार्थ गोड आहे म्हणून तो धोक्याचा ठरत नाही. त्याचा आकार आणि कडकपणा पाहावा लागतो. गोल, कडक व गुळगुळीत गोळी लाळेने आणखी निसरडी होते आणि न चावताच मागे घसरते. गोल असल्यामुळे ती बाटलीला बूच बसावे तशी बसते आणि हवेला वाट राहत नाही. चिक्कीचा तुकडा कडकही असतो आणि त्यात शेंगदाणेही असतात. साखरफुटाणे, खडीसाखर, काटेरी हलवा, लाडवातील अख्खे काजू व बेदाणे, चिकट टॉफी, च्युइंगम हे सारे त्याच यादीत येतात. संक्रांतीच्या दिवसांत अनेक घरी बोरन्हाण करतात. बोरे, उसाचे करवे, शेंगा, हलवा, गोळ्या लहानग्याच्या डोक्यावरून ओतल्या जातात आणि मुले त्या वेचून थेट तोंडात टाकतात. ज्याचे बोरन्हाण ते मूल बहुधा पाच वर्षांच्या आतलेच असते! हौस जरूर करावी, पण ओतण्याचे जिन्नस निवडून घ्यावेत.

शेंगदाण्याविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. दाणा किंवा त्याचा तुकडा श्वासनलिकेतून खाली फुफ्फुसाच्या नळीत गेला, तर मूल थोडा वेळ खोकून शांत होते आणि घरच्यांना वाटते, संपले. पण दाणा आत फुगतो आणि त्यातील तेलाने आतील अस्तराचा दाह होतो. पुढे खोकला, घरघर, ताप सुरू होतो आणि सर्दी-खोकल्याचे औषध चालू राहते. नाणे क्ष-किरण चित्रात चटकन दिसते, दाणा मात्र सहसा दिसत नाही. म्हणून खाताना ठसका लागल्यानंतर मुलाचा खोकला थांबत नसेल, तर ही हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

इतर देशांतील अनुभव

श्वासमार्गात अडकलेली वस्तू तोंडावाटे नळी घालून काढण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न जर्मनीचे डॉ. गुस्ताव किलियन यांनी १८९७ साली केला. पुढे अमेरिकेतील डॉ. शेव्हेलियर जॅक्सन यांनी या शस्त्रात आयुष्य घालविले. त्यांनी रुग्णांच्या घशातून व छातीतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फिया येथील म्युटर संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. शेंगदाण्यामुळे होणाऱ्या दाहाला त्यांनी स्वतंत्र नावच दिले होते.

अलीकडचे उदाहरण जेलीचे. कोंजॅक नावाच्या कंदापासून केलेली, छोट्या कपातून ओठांनी ओढून घ्यावयाची जेली घशात बसून मुले दगावली. ही जेली तोंडात विरघळत नाही. त्यामुळे २००१ मध्ये अमेरिकेने तिच्या आयातीवर टाच आणली व २००२ मध्ये युरोपीय संघाने तिची विक्री थांबविली. मऊ दिसणारा पदार्थ निर्धोक असतोच असे नाही, हा त्यातून घेण्यासारखा धडा.

आपल्या देशात खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग एका ठरावीक नळीत पूर्ण बसला तर तो धोकादायक समजला जातो. त्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा. संत्र्याची गोळी त्या नळीत सहज बसते. जी वस्तू खेळणे म्हणून आपण तान्ह्या मुलाच्या हाती देणार नाही, तेवढ्याच आकाराची गोळी आपण प्रेमाने त्याच्या तोंडात घालतो!

खाऊ देताना काय करावे?

मुलाला खाली बसवून खाऊ द्यावा. धावताना, उड्या मारताना, झोपून, रिक्षात वा मोटारसायकलवर देऊ नये. रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी तोंडात गोळी कोंबू नये. मूल खात असताना मोठे माणूस जवळ असावे. सात-आठ वर्षांच्या भावंडावर ती जबाबदारी टाकू नये. पेढा, शिरा, खीर, दुधात कुस्करलेला लाडू, पिकलेल्या केळ्याच्या लहान फोडी हा लहानग्यांचा खाऊ. गुलाबजाम असेल तर मोडून द्यावा, द्राक्ष असेल तर उभे चिरून चार फोडी कराव्यात. दाणे द्यावयाचेच तर बारीक कूट करून पदार्थात मिसळावेत.

तरीही अडकले तर?

मूल मोठ्याने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकला हाच उत्तम उपाय. पाणी पाजू नये. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, त्याने ती आणखी आत जाते. पाय धरून उलटे लटकवू नये.

आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर क्षणही दवडू नये. एक वर्षाच्या आतील बाळास आपल्या हातावर पालथे घेऊन, डोके छातीपेक्षा खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाबावे. बाळाचे पोट कधीही दाबू नये. एक वर्षावरील मुलास पुढे वाकवून पाठीवर तशाच पाच थापा द्याव्यात. मग पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर व बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. ही पोट दाबण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली. वस्तू निघेपर्यंत दोन्ही कृती आळीपाळीने कराव्यात. दरम्यान दुसऱ्याने १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा. मूल बेशुद्ध झाले तर कडक जमिनीवर उताणे निजवून छाती दाबण्यास सुरुवात करावी आणि फोनवरून मिळणाऱ्या सूचना पाळाव्यात. वस्तू निघाली तरी मुलाला डॉक्टरांना दाखवावेच, कारण पोटावरील झटक्यांनी आत इजा झालेली असू शकते.

या गोष्टी वाचून हात बसत नाही, पाहून आणि करून बसतो. म्हणून संस्थेच्या विद्यार्थी शिबिरात एखाद्या डॉक्टर वा परिचारिका भगिनींकडून बाहुलीवर याचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. घरात धाकटी भावंडे बहुधा विद्यार्थ्यांच्याच कडेवर असतात, तेव्हा हे त्यांना आधी यावयास हवे. दुसरी सूचना वाटपाविषयी. येथून पुढे खाऊची दोन ताटे असावीत, एक मोठ्या मुलांचे आणि एक पाच वर्षांच्या आतील मुलांचे. बुद्ध पौर्णिमेला आपण खीर वाटतोच. लहानग्यांसाठी वर्षभर तोच कित्ता गिरविला तर खर्चही फारसा वाढणार नाही.

ती मुलगी आता मोठी झाली आहे, शाळेत जाते. रस्त्यात भेटली की हसते. तिला त्या संध्याकाळचे काही आठवत नाही. आम्हाला मात्र खाऊचे ताट हातात घेतले की आधी समोरच्या मुलाचे वय दिसते. आपणा सर्वांनाही तसेच दिसावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.