कलम ३७१ (जे): बीदर-कलबुर्गीचा हक्काचा निधी

मूळ : १७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले : मराठवाडा मुंबई राज्यात, बीदर-गुलबर्गा (आताचे कलबुर्गी)-रायचूर म्हैसूरकडे.

मागणी : तेलंगणासह आंध्र प्रदेशाला ३७१ (डी) १९७३च्या घटनादुरुस्तीनेच मिळाले. त्याच धर्तीवर इथेही हक्क द्या, यासाठी माजी मंत्री वैजनाथ पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा झाला. ९८व्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) हे कलम आले. अंमल १ ऑक्टोबर २०१३पासून.

खर्च : नंजुंडप्पा समितीने २००२मध्ये कर्नाटकातले ११४ तालुके मागास ठरवले; ८ वर्षांत ३१,००० कोटींची विशेष योजना सुचवली. या कलमाखालच्या विकास मंडळाची वार्षिक तरतूद २०२३-२४पासून ५,००० कोटी. मंडळाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे घटनेनेच बंधनकारक. खर्चाच्या वादात हाच कागद आधी पाहावा.

नोकऱ्या : स्थानिकांना प्रदेशातील 'क' गटात ८०, 'ड' गटात ८५ टक्के, राज्यस्तरीय पदांत ८ टक्के. दाखला सहायक आयुक्त देतात. जन्म इथला, किंवा १ जानेवारी २०१३पूर्वी किमान १० वर्षे वास्तव्य, असे निकष. मातृभाषेची अट नाही. बीदर जिल्ह्यातल्या औराद-भालकीच्या मराठी घरांतल्या मुलांनाही हा दाखला मिळतो.

गल्लत नको : विदर्भ-मराठवाड्याची मंडळे ३७१ (२)खालची, मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद वेगळा : महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात.

नाव : २०१९पासून 'हैदराबाद कर्नाटक'ऐवजी 'कल्याण कर्नाटक'. विजयनगर धरून जिल्हे ७.