दोर धरण्याआधी: झाडकामातले गैरसमज

मे महिन्यात आमच्या आवारातल्या आंब्याची, कौलांवर झुकलेली फांदी उतरवायची होती. वरच्या बेचक्यातून दोर घेतला, खाली तिघांनी धरला, झाडावरच्याने करवत चालवली. फांदी सुटली, दोर सर्रकन पळाला, तिघेही फरफटत पुढे गेले आणि फांदी कौलांच्या वीतभर वर थांबली. "काही झालं नाही ना? मग झालं तर!" म्हणत सगळे पुढच्या फांदीकडे वळले. त्या वीतभर अंतरात शिकण्यासारखं बरंच होतं.

गैरसमज : ओंडका पाहिला की वजनाचा अंदाज येतो.
वस्तुस्थिती : ओलं लाकूड डोळ्यांना फसवतं. 30 सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा ताजा ओंडका साधारण 60 ते 70 किलो भरतो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं. 60 सेंटिमीटर जाडीचा तेवढाच ओंडका अडीचशे किलोंच्या घरात जातो.

गैरसमज : दोर 500 किलो पेलतो, म्हणजे 100 किलोंचा ओंडका सहज झेलेल.
वस्तुस्थिती : टांगलेलं वजन पेलणं वेगळं, पडतं वजन थांबवणं वेगळं. 100 किलोंचा ओंडका एक मीटर मोकळा पडून पुढच्या 25 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर दोरावर सरासरी 500 किलोंचा ताण येतो. क्षणभराचा हिसका त्याहून मोठा असतो. शिवाय गाठीपाशी दोराची ताकद पाव ते निम्म्याने घटलेली असते. म्हणून तुकडे लहान करावेत, दोर शक्यतो कापाच्या वरून घ्यावा, त्यात ढील ठेवू नये आणि ओंडका एकदम न अडवता सोडत सोडत थांबवावा.

गैरसमज : ज्या फांदीवरून दोर घेतला, तिच्यावर ओंडक्याएवढाच भार येतो.
वस्तुस्थिती : दोराचं एक टोक ओंडका ओढतो, दुसरं खालची माणसं. कप्पी लावून दोन्ही बाजू सरळ खाली सोडल्या, तर आधारावर जवळपास दुप्पट भार येतो. वाळकी किंवा पोखरलेली फांदी आधाराला घेऊ नये, ती याचसाठी. चढणाऱ्याने स्वतःला बांधलेला दोरही त्या फांदीला कधीच नसावा.

गैरसमज : खाली चार धट्टीकट्टी माणसं असली की पुरे.
वस्तुस्थिती : हिसक्यापुढे मनगटाचा जोर टिकत नाही. दोराला बुंध्याभोवती दोन-तीन वेढे दिले, तर घर्षणच बहुतेक भार पेलतं आणि एक माणूस ओंडका सावकाश उतरवू शकतो. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळणं म्हणजे ओंडक्याबरोबर स्वतःलाही बांधून घेणं.

गैरसमज : दोर तुटला नाही, म्हणजे तो चांगला आहे.
वस्तुस्थिती : आमच्या आवारातला तो दोर मी नंतर हातात घेऊन पाहिला. बेचक्यावर घासलेल्या जागी तंतू वितळून काचेसारखे गुळगुळीत आणि कडक झाले होते. बाजारात सरसकट 'नायलॉनचा' म्हणून मिळणारा दोर पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो 165 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि उन्हात कमकुवत होतो. असा दोर पुन्हा ओझ्याला वापरू नये.

गैरसमज : काही झालं नाही, म्हणजे पद्धत बरोबर होती.
वस्तुस्थिती : त्या दिवशी वेढा नव्हता, दोरात ढील होती आणि दोर खरखरीत बेचक्यावरून घासत होता. फांदी कौलांवर पडली असती, तर या तिन्ही चुकांची चर्चा झाली असती. कौलं वाचली, म्हणून कुणी विचारलंही नाही. थोडक्यात टळलेला अपघात फुकट मिळालेला धडा असतो. त्याच संध्याकाळी सगळ्यांनी बसून काय चुकलं ते बोलावं आणि वहीत लिहून ठेवावं. दोष कुणाचा, हे शोधण्यासाठी नव्हे; पुढच्या झाडावर तीच चूक होऊ नये म्हणून.

पावसाळ्याआधी तुमच्या दारात झाडकाम निघालं, तर करवत सुरू होण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: दोराला वेढा कुठे आहे? फांदीखाली कुणी उभं नाही ना? दोर शेवटचा कधी तपासला? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत काम थांबवा.