घाटेअळी, तूर आणि सर्पिनाचा सांपळा

वरूडच्या आसपास संत्र्यांच्या बागा पुष्कळ, आणि त्यांच्यामुळेंच आमच्या तालुक्याचें नांव दूरवर गेलें. परंतु पऱ्हाटीच्या ओळींमधून तुरीचें एखादें तास धरण्याची वऱ्हाडी चाल अजून सुटलेली नाहीं. तूर फुलावर आली कीं घाटेअळीचें भय सुरू होतें. डोकें शेंगेंत खुपसून व धड बाहेर ठेवून ही अळी दाणा पोखरते. हीच हरभऱ्याचे घाटे खाते, हीच पऱ्हाटीचीं बोंडें खाते. शेतकरी निंबोळीचा अर्क फवारतो, पक्ष्यांसाठीं शेतांत थांबे रोंवतो, हें आपण नेहमीं पाहतों. पण खुद्द तुरीचें झाडही स्वस्थ बसलेलें नसतें. त्याची लढाई अळीच्या पोटांत चालते, म्हणून ती दिसत नाहीं इतकेंच.

तुरीचा दाणा म्हणजे प्रथिनांचें कोठार. प्रथिन ही अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ होय. ही माळ जशीच्या तशी कोणाच्या अंगीं लागत नाहीं. ती प्रथम तोडावी लागते, आणि तें काम पोटांतील ‘प्रोटिएज’ नांवाचीं पाचक द्रव्यें करितात. त्यांपैकीं ट्रिप्सिन हें प्रमुख. माळेंत लायसिन किंवा आर्जिनिन हा मणी आला कीं त्याच्यापुढें ट्रिप्सिन माळ कापतें. आपल्या आंतड्यांत तें आहे, तसेंच त्याच जातीचें द्रव्य अळीच्या आंतड्यांतही आहे. या कात्र्यांची धार ‘सेरिन’ नांवाच्या एका मण्यावर अवलंबून असते. म्हणून त्यांस सेरिन-प्रोटिएज म्हणतात.

तूर व हरभरा आपल्या दाण्यांत लहान, घट्ट बांधणीचीं रोधक प्रथिनें सांठवून ठेवितात. कात्रीच्या पात्यांत बूच बसवावें तसें हें रोधक बसतें. एका प्रकारच्या रोधकास तर दोन तोंडें असतात; एक ट्रिप्सिनास अडवितें, दुसरें कायमोट्रिप्सिनास. अळी खाते, पण खाल्लेलें तिच्या अंगीं लागत नाहीं. हींच रोधकें आपल्यालाही बाधक होतात, आणि डाळ नीट शिजविण्याची आपल्या आयाबायांची शिस्त येथें उपयोगी पडते. चांगल्या उकळण्यानें त्यांतील बहुतेक निकामी होतात. सोयाबीनमधील असें एक रोधक कुनिट्झ या शास्त्रज्ञानें १९४५ सालीं स्फटिकरूपांत वेगळें केलें.

मग घाटेअळी उपाशी मरत कां नाहीं? १९९८ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, हरभऱ्याचीं रोधकें अळीच्या आंतड्यांतील द्रव्येंच तोडून निकामी करितात. पहारेकऱ्यालाच चोरानें गिळावें, तसा हा प्रकार! पुढील वर्षीं त्याच प्रयोगशाळेंतून भुईमूग, बटाटा व चौधारी वाल यांच्या रोधकांवरील काम प्रसिद्ध झालें. अळीला हीं परकीं होतीं, आणि त्यांनीं तिची वाढ खुंटविली. तरीही अळी जसें रोधक मिळेल तशीं आपलीं पाचक द्रव्यें बदलते. म्हणून एकाच रोधकावर भिस्त ठेवून चालत नाहीं.

बूच कितीही घट्ट असलें तरी कात्री मोडत नाहीं. बूच निघालें कीं ती पुन्हां चालूं लागते. मनुष्याच्या रक्तांत याहून कठोर योजना आहे. तिचें नांव ‘सर्पिन’. सर्पाशीं याचा कांहीं संबंध नाहीं. सेरिन-प्रोटिएजास रोधणारें, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून कॅरेल व ट्रॅव्हिस यांनीं १९८५ सालीं हें नांव बनविलें. सर्पिनाची माळ साधारणपणें ३५० ते ४०० मण्यांची असते, आणि ती उंदराच्या ताणलेल्या सांपळ्याप्रमाणें घडी घालून बसलेली असते. एक फांसा बाहेर लोंबत असतो, तेंच आमिष. कात्री फांशावर येते व तो कापते. परंतु कापलेलें टोक सुटण्यापूर्वींच फांसा झटक्यासरशी सर्पिनाच्या अंगांत शिरतो आणि चिकटलेल्या कात्रीला फरफटत दुसऱ्या टोकाला नेऊन आपटतो. हें अंतर एका मिलिमीटरच्या दहा लाखांतील सुमारें सात भाग! पण तेवढ्यानें कात्रीचा आकार पिळवटतो व ती कायमची निकामी होते. २००० सालीं हंटिंग्टन, रीड व कॅरेल यांनीं स्फटिकांवरून या जोडीची आकृति प्रसिद्ध केली. सांपळाही एकदांच उडतो. तो पुन्हां ताणतां येत नाहीं.

असल्या नाजूक यंत्रांत एक मणी चुकला तरी अनर्थ होतो. आपल्या यकृतांत अल्फा-वन-अँटिट्रिप्सिन नांवाचें ३९४ मण्यांचें सर्पिन तयार होतें. नांव ट्रिप्सिनाचें असलें तरी त्याचें खरें काम फुप्फुसांच्या रक्षणाचें. श्वेत रक्तपेशी जंतूंशीं लढतांना इलॅस्टेज नांवाची कात्री सोडतात. तिला आवर नसेल तर फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंतीच ती कुरतडते. १९६३ सालीं स्वीडनमध्यें लॉरेल व एरिक्सन यांना कांहीं रोग्यांच्या रक्तांत हें प्रथिन फारच थोडें आढळलें. पुढें कळलें कीं ३४२ वा मणी बदलला असतां एका सर्पिनाचा फांसा दुसऱ्यांत अडकतो, त्यांच्या सांखळ्या यकृतांतच तुंबतात, आणि फुप्फुसें उघडीं पडतात. हा दोष जन्मतः येतो. विडी-सिगारेट ओढणारा मात्र निर्दोष सांपळाही आपल्या हातानें बिघडवितो. आमिषांतील ३५८ वा मणी मेथायोनिनचा आहे, आणि धुरानें त्याचें ऑक्सिडीकरण होऊन सांपळ्याचा जोर फार कमी होतो.

सर्पिनें मनुष्यांतच आहेत असें नव्हे. कीटकांच्या रक्तांतही तीं असतात. जखम झाली असतां रक्त काळें पडण्याची क्रिया तीं मर्यादेंत ठेवितात. कोंबडीच्या अंड्यांतील पांढऱ्या बलकाचें मुख्य प्रथिन याच कुळांतलें, पण त्याचा सांपळा कांहीं केल्या उडत नाहीं! गव्हाच्या दाण्यांतही सर्पिनें आहेत, आणि त्यांतील कांहींचें आमिष हुबेहूब गव्हाच्या सांठ्याच्या प्रथिनासारखें दिसतें. दाणा पचवूं पाहणाऱ्या किडीच्या कात्रीसाठींच तें मांडलेलें असावें, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.